बैठकीची खोली नव्याने सजवताना: चाकूर परिसरातील जुन्या घरांत आधी काय पाहावे?

लातूर जिल्ह्यातील चाकूर आणि आसपासच्या गावांत अजूनही दगड-मातीच्या भिंतींची, माळवदाची जुनी घरे आहेत. लग्नकार्य किंवा दिवाळी जवळ आली की बैठकीची खोली नवी करण्याचा विचार सुरू होतो. सोफा, टीव्ही युनिट, पीओपीचे छत, नवी फरशी अशी यादी होते. मात्र या भागात सजावटीआधी खोलीची मजबुती तपासणे गरजेचे आहे.

कारण काय?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी याच जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती; जीवितहानी एवढी वाढली ती घरांच्या रचनेमुळे. दगडी भिंतींच्या दोन थरांना जोडणारे लांब दगड नव्हते, त्यामुळे भिंती फुगून फुटल्या. पावसाळ्याआधी दरवर्षी नवी माती टाकून माळवदही जड झालेले होते. याउलट, लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा धड असलेल्या अनेक घरांत भिंती पडूनही छत खांबांवर उभे राहिले.

भिंत आणि खांब

- खोली मोठी करण्यासाठी खांब काढू नये, दगडी भिंत पाडू नये. छताचा भार कशावर आहे हे आधी अभियंत्याकडून तपासून घ्यावे.
- खांब-तुळयांना वाळवी लागली आहे का, ते पाहावे. पीओपीने झाकल्यावर ती दिसत नाही.
- माळवदावर मातीचे अनेक थर साचले असतील, तर जाणकाराच्या देखरेखीखाली जास्तीची माती उतरवावी.
- मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा नीट धरत नाही. आतली ओल अडकते आणि पोपडे सुटतात. अशा भिंतीला माती किंवा चुन्याचा गिलावा योग्य.

रंग

चुना किंवा फिकट रंगाने खोली उजळ दिसते. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावे आणि तो पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा. साधारण महिनाभर थांबणे चांगले. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भाग इतके मर्यादित आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे जास्त असू शकते. तो कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा आणि लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.

फरशी

शहाबादी फरशी शेजारच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येते. उन्हाळ्यात ती पायाला गार लागते आणि चांगली टिकते. जुनी फरशी शाबूत असेल तर फेकू नये. सांधे भरून आणि पॉलिश करून ती पुन्हा वापरता येते, खर्चही वाचतो.

फर्निचर

अनेक घरांत बैठकीची खोलीच रात्री झोपायची खोली होते. म्हणून:

- उंच कपाट आणि शोकेस लोखंडी पट्टीने भिंतीला पक्के बांधावे. भिंत मातीची असेल तर लाकडी खांबाला बांधावे.
- जड सामान खालच्या कप्प्यात ठेवावे.
- अंथरुणाच्या डोक्याशी कपाट, जड फोटोफ्रेम किंवा टीव्ही नसावा.
- दारापर्यंतची वाट किमान अडीच-तीन फूट मोकळी ठेवावी. सोफा विकत घेण्याआधी खोलीत त्याच्या मापाची खडूने रेघ मारून पाहावी.

खर्चाचा क्रम कसा ठेवावा?

आधी छत, भिंत आणि वायरिंग, मग गिलावा आणि फरशी, त्यानंतर रंग आणि शेवटी फर्निचर. पैसे कमी पडले तर सोफा पुढच्या वर्षी घेता येतो. पण वाळवी लागलेली तुळई तशीच ठेवून वर पीओपी केले, तर पुढे ते छत फोडूनच दुरुस्ती करावी लागते.