रुग्णाला सांगायचं की नाही? हृदयविकार आणि १९५५ची एक पत्रकार परिषद

आपल्याकडे घरात कुणाला हार्ट अटॅक आला की नातेवाईक डॉक्टरांना दाराबाहेर गाठतात. "त्यांना काही सांगू नका हं." हेतू चांगलाच असतो. पण या न सांगण्याबद्दल इतिहास काय म्हणतो, ते आज बघू.

हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तरी माणूस वाचू शकतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली मांडलं. पण वाचलेल्यानं पुढे करायचं काय? तर पडून राहायचं, आणि तेही कित्येक आठवडे! त्यात पायात गुठळ्या व्हायच्या, त्या फुप्फुसात जायच्या आणि काही जण त्यानंच दगावायचे. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांना लवकरच आरामखुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्ण पहिल्यांदा उठून बसला.

आणि मग २४ सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये झटका आला. पत्रकारांना आधी काय सांगितलं? पोट बिघडलंय! दोन दिवसांनी पॉल डडली व्हाइट हे हृदयतज्ज्ञ पत्रकारांसमोर बसले आणि हा आजार काय असतो, स्नायूची जखम भरायला वेळ का लागतो, हे त्यांनी साध्या भाषेत समजावलं. राष्ट्राध्यक्षांना शौचाला झाली, हेही सांगून टाकलं! काहींना ते अशोभनीय वाटलं. पण त्या दिवशी अख्खा देश या आजाराचा धडा शिकला. आयझेनहॉवर १९५६ची निवडणूक जिंकले आणि १९६९पर्यंत जगले.

दुसरीकडे फ्रॅमिंगहॅम गावात १९४८पासून हजारो लोकांची तपासणी चालूच होती. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांची नावं त्यातून 'धोक्याचे घटक' म्हणून पुढे आली. आता बघा, यातलं किती डॉक्टरांच्या हातात आहे? सिगारेट रुग्णानं सोडायची, चालायचं त्यानं, गोळीही रोज त्यानंच घ्यायची. ज्याला गोळी कशासाठी आहे हेच माहीत नाही, तो बरं वाटू लागलं की ती बंद करतो.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना दाराबाहेर गाठू नका. आत या, रुग्णाशेजारी बसा आणि त्याच्यासमोरच विचारा.