‘मांसगत वात’ आणि अर्वाचीन मांसदाह

वैद्यघराण्यांचीं बाडें चाळतांना माधवनिदानाची पोथी वारंवार हातीं येते. तिच्या वातव्याधिप्रकरणांतील ‘मांसगत’ वा ‘स्नायुगत’ वात म्हणजेच अर्वाचीन पॉलिमायोसायटिस, प्रौढांच्या मांसपेशींस दाह होऊन त्या दुर्बल करणारा रोग, असें समीकरण मांडण्याचा मोह होतो. तें टिकत नाहीं.

प्रथम शब्द पाहूं. आज आपण ज्यास स्नायु म्हणतों तो सुश्रुताचा स्नायु नव्हे. शारीरस्थानांत त्यानें स्नायु ९०० व पेशी ५०० अशा निराळ्या मोजल्या आहेत. स्नायु हीं बंधनें होत. सबब ‘स्नायुगत’ या पदावरून मांसरोग ठरवितां येत नाहीं.

आतां लक्षणें. चरकाच्या चिकित्सास्थानांत (अध्याय २८) मांसमेदोगत वातांत अंग जड होणें, काठीनें वा मुठीनें मारल्यासारखी वेदना व फार थकवा सांगितला आहे. येथें वेदना प्रधान. पॉलिमायोसायटिसमध्यें खांदे व कंबर यांजवळची शक्ति दोन्ही बाजूंस हळूहळू जाते. रोग्यास बैठकीवरून उठवत नाहीं, हात डोक्याशीं नेववत नाहीं. वेदना पुष्कळदां अल्प किंवा मुळींच नसते.

वाग्नर यानें १८६३ त व उन्व्हेरिख्ट यानें १८८७ त असे रोगी वर्णिले. बोहान व पीटर यांनीं १९७५ त घातलेल्या कसोट्यांत रक्त, विद्युत्-परीक्षा व मांसाचा तुकडा तपासणें येतें. पोथींतील रोग्यास त्या कशा लावाव्या?

तेव्हां संग्राहकांनीं सूचींत पोथीचें मूळ पदच उतरावें. अर्वाचीन नांव घातल्यास पुढील अभ्यासक तेंच पुरावा मानतील.