बंगळूरचे अधिवेशन आणि मध्यममार्गाचा प्रश्न

जुने ते शक्यतो टिकवावे आणि बदल करावयाचाच तर तो बेताबेताने करावा, असे मानणारा पक्ष बहुतेक प्रत्येक लोकशाहीत असतो. लोकमत त्याच्यापासून दूर जाऊ लागले, की एक ठरलेला प्रश्न त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. आपल्या जागी ठाम राहावे, की चार पावले मध्याकडे सरकावे? आपल्या देशात हा प्रश्न फार तीव्र स्वरूपात उपस्थित झाला तो १९६९ च्या जुलै महिन्यात, बंगळूर शहरी.

प्रसंग अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या अधिवेशनाचा. स्थळ लालबागेतील काचघर. ही लालबाग म्हणजे मुंबईच्या गिरणगावातील वस्ती नव्हे; ते हैदरअलीच्या काळापासूनचे विस्तीर्ण उद्यान होय. काँग्रेसचे अध्यक्ष एस. निजलिंगप्पा हे वर्षापूर्वीपर्यंत याच म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री होते आणि त्यांच्यामागून वीरेंद्र पाटील त्या पदावर आले होते. म्हणजे अधिवेशन जणू अध्यक्षांच्या घरच्या अंगणातच भरले होते.

त्याआधी दोन वर्षे, १९६७ च्या निवडणुकीत, काँग्रेसला मोठा धक्का बसला होता. लोकसभेतील तिचे बहुमत २८३ जागांपर्यंत खाली आले, अनेक राज्ये हातची गेली. कामराज, अतुल्य घोष आणि मुंबईचे स. का. पाटील हे पक्षाचे आधारस्तंभ स्वतःच पराभूत झाले. या पराभवाची दोन निदाने पक्षात होऊ लागली. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या भोवतालचे लोक म्हणत, आपण गरिबांना दिलेली वचने पाळली नाहीत. ज्यांना वृत्तपत्रे 'सिंडिकेट' म्हणत त्या संघटनेतील ज्येष्ठांना वाटे, की शिस्त सुटली आणि सरकारने पेलणार नाही एवढा भार अंगावर घेतला. १९६९ च्या एप्रिलमध्ये फरिदाबादच्या अधिवेशनात निजलिंगप्पांनी सरकारी उद्योगांच्या कारभारावर टीका केली आणि पंतप्रधानांनी तिथल्या तिथे तिला उत्तर दिले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या सर्व ज्येष्ठांना सरसकट उजवे म्हणणे न्यायाचे नाही. शाळेतील मुलांना दुपारचे जेवण देणाऱ्या कामराजांना पुराणमतवादी कोण म्हणेल? परंतु संस्थेचा अधिकार व्यक्तीपेक्षा मोठा, खाजगी मालमत्तेला एकदम हात घालू नये आणि सुधारणा पायरीपायरीने व्हावी, ही त्या गटाची एकूण धारणा होती. स. का. पाटील आणि मोरारजी देसाई यांच्या ठायी ती विशेष स्पष्ट होती.

बंगळूरला पंतप्रधान पहिल्या दिवशी आल्याच नाहीत. त्यांनी फक्रुद्दीन अली अहमद यांच्या हाती आर्थिक धोरणाविषयीचे एक टिपण पाठविले. मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण, मक्तेदारीला आळा, शहरी मालमत्तेवर मर्यादा, जमीनसुधारणा, शेतमजुरांना किमान वेतन अशा सूचना त्यात होत्या. आता ज्येष्ठ मंडळी काय करणार, याकडे सर्वांचे डोळे लागले. त्यांनी विरोध केला नाही. यशवंतराव चव्हाणांच्या पुढाकाराने तडजोडीचा ठराव तयार झाला, तो मंजूर झाला आणि पक्ष कागदोपत्री मध्याच्याही डावीकडे सरकला. पण लगेच, १२ जुलै रोजी, संसदीय मंडळात राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराचा प्रश्न निघाला. पंतप्रधानांनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले. चार विरुद्ध दोन मतांनी ते बाजूला सारले गेले आणि नीलम संजीव रेड्डी यांची निवड झाली. त्या चार मतांत यशवंतरावांचेही एक मत होते.

धोरण तुमचे, सत्ता मात्र आमच्या हाती, असा हा सौदा होता आणि तो चार दिवसही टिकला नाही. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. जो ठराव स्वतः मान्य केला, त्याच्या अंमलबजावणीला विरोध कोणत्या तोंडाने करणार?

खरे पाहता ज्येष्ठांपाशी स्वतःचा असा मध्यममार्ग होता. मोरारजींनी बँकांवरील 'सामाजिक नियंत्रणाची' योजना आणली होती. मालकी भागधारकांची राहावी, पण संचालक मंडळे केवळ उद्योगपतींच्या ताब्यात नसावीत. शेती आणि लहान उद्योग यांना कर्ज मिळावे. त्यावर राष्ट्रीय पत परिषदेने लक्ष ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. तिचा कायदा १९६९ च्या फेब्रुवारीत अमलात आला होता. ही योजना पुरेशी होती की नव्हती, यावर वाद होऊ शकतो. परंतु बंगळूरला तिच्या बाजूने कोणी कंबर कसून उभे राहिले नाही. स्वतःचा मध्यममार्ग मागे टाकून दुसऱ्याचे शब्द उचलले, ही ज्येष्ठांची पहिली चूक होय.

दुसरी चूक नेमकी उलट दिशेची. रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मिळावीत म्हणून निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांच्या नेत्यांशी बोलणी केली. त्या पक्षांचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर आणि माजी अर्थमंत्री. त्यांना १,१२,७६९ मते मिळाली. अखेरच्या मोजणीत वराहगिरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा फरकाने विजयी झाले. जुलैत डाव्या धोरणाला हात वर करणारे ऑगस्टमध्ये उजव्यांच्या दाराशी दिसले, आणि लोकांचा दोन्हींवरचा विश्वास उडाला. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांना पक्षातून काढण्यात आले व काँग्रेस दुभंगली. १९७१ मध्ये संघटना काँग्रेसने जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी पक्ष यांच्याशी आघाडी केली. तिच्या पदरी अवघ्या १६ जागा आल्या. निजलिंगप्पांच्या म्हैसूर राज्यातील सत्तावीसच्या सत्तावीस जागा इंदिरा गांधींच्या पक्षाने जिंकल्या.

मग मध्याकडे सरकणे हेच चूक होते काय? तसे म्हणावे, तर आपल्या मतापासून तसूभरही न ढळणाऱ्या स्वतंत्र पक्षाचे उदाहरण समोर आहे. राजाजी आणि मिनू मसानी यांच्या या पक्षाने १९६७ साली ४४ जागा मिळविल्या. १९७१ साली त्याच्याजवळ आठ उरल्या आणि १९७४ साली तो भारतीय लोकदलात विलीन झाला. केवळ ठामपणाही तारक ठरत नाही. याउलट इंग्लंडचा हुजूर पक्ष पाहा. १९४५ च्या दारुण पराभवानंतर रॅब बटलर यांच्या नेतृत्वाखाली त्याने १९४७ मध्ये उद्योगविषयक सनद काढली. मजूर सरकारने घेतलेल्या कोळशाच्या खाणी व रेल्वे परत खाजगी मालकांकडे देणार नाही, हे मोकळेपणाने मान्य केले. पण स्पर्धा आणि खाजगी उद्योग यांवरील आपली श्रद्धाही त्याच दमात सांगितली. १९५१ साली तो पक्ष पुन्हा सत्तेवर आला. त्याने काय स्वीकारले आणि काय स्वीकारले नाही, हे मतदाराला कळत होते.

दोन्ही पक्ष सारखेच बोलू लागले तर मतदाराला निवड काय उरली, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मध्याकडे जाताना आपले काय सोडावयाचे नाही, हे आधी ठरवावे लागते. बंगळूरच्या ज्येष्ठांपाशी सोडू नये असा एक मुद्दा नक्की होता. पक्ष आणि संसद या संस्था कोणाही एका नेत्यापेक्षा मोठ्या आहेत, हा तो मुद्दा. बँकांचे कर्ज शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही, ही तक्रार खरी आहे असे त्यांनी मनापासून मानले असते, तर त्यांचा हा दुसरा मुद्दा लोकांनी कदाचित ऐकला असता. गरिबाच्या दुःखावर जो बोलत नाही, त्याचे घटनेवरील प्रवचन ऐकावयास सामान्य माणूस थांबत नाही.

आणि तो मुद्दा पोकळ नव्हता. २६ जून १९७५ रोजी, आणीबाणी जाहीर होताच, संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला आलेल्या चार खासदारांना अटक झाली. जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी व लालकृष्ण अडवाणी, संघटना काँग्रेसचे श्यामनंदन मिश्र आणि आपले समाजवादी मधु दंडवते. उजवे, जुने काँग्रेसवाले आणि समाजवादी, सारे एकाच मध्यवर्ती कारागृहात आले. लालबागेपासून ते कारागृह काही फार दूर नव्हते. आता त्या जागी 'फ्रीडम पार्क' नावाचे उद्यान आहे.

व्यक्तीच्या हाती एकवटणाऱ्या सत्तेविषयी सावध करणारा पक्ष त्या वेळी देशाला हवा होता. तो होता, पण सहा वर्षांपूर्वीच त्याने आपली पत घालविली होती. स्थितिप्रिय पक्षाने मध्याकडे जरूर यावे, मात्र आपल्या पायांनी चालत यावे आणि वाटेत काय टाकले, काय जवळ ठेवले, याचा हिशेब लोकांपुढे उघड मांडावा.