पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी डोळे का लाल झाले? युव्हायटिस म्हणजे काय?

१९९३च्या अखेरीस तमिळनाडूतल्या मदुराई भागात मोठा पूर आला. त्यानंतर १९९४ मध्ये तिथल्या अरविंद नेत्र रुग्णालयात लाल, दुखऱ्या डोळ्यांचे आणि अंधूक दिसणारे रुग्ण अचानक वाढले. त्यांना झाला होता युव्हायटिस. कारण होतं लेप्टोस्पायरोसिस.

युव्हायटिस म्हणजे काय?

डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाखाली रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो. त्याला युव्हिया म्हणतात. या थराला सूज आली की युव्हायटिस होतो.

लेप्टोचा डोळ्याशी संबंध काय?

उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू पाण्यात-चिखलात मिसळतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. ताप बरा होतो, पण डोळ्यांचा त्रास काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होऊ शकतो. त्यामुळे दोन्हींचा संबंध रुग्णाच्या लक्षात येत नाही. मदुराईतल्या अभ्यासात रक्ततपासणी आणि डीएनए तपासणीच्या आधारे लेप्टोमुळे युव्हायटिस झालेल्या ७३ रुग्णांची नोंद झाली. दर पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण आढळणाऱ्या मुंबई-कोकणासाठीही ही माहिती महत्त्वाची आहे.

इतर कारणं कोणती?

क्षयरोग, नागीण, टोक्सोप्लाझ्मोसिस, तसंच काही प्रकारचे संधिवात. अनेकदा नेमकं कारण सापडतही नाही.

कारण शोधणं का गरजेचं?

सूज कमी करायला बहुतेकदा स्टिरॉइड देतात. पण मूळ संसर्ग क्षयाचा असेल, तर क्षयाची औषधंही लागतात. टोक्सोप्लाझ्मोसिसमध्ये नुसत्या स्टिरॉइडने आजार बळावू शकतो. शिवाय, देखरेखीशिवाय दीर्घकाळ स्टिरॉइडचे थेंब घातल्यास मोतीबिंदू किंवा काचबिंदू होण्याचा धोका असतो.

नजर परत येते का?

लेप्टोच्या युव्हायटिसमध्ये वेळेत उपचार झाले, तर बहुतेकांची नजर सुधारते. मात्र सूज वारंवार आली किंवा दृष्टिपटलापर्यंत पोहोचली, तर नजर कायमची जाऊ शकते.

डॉक्टरांकडे कधी जावं?

डोळे आल्यावर चिकट स्राव येतो, खाज सुटते. युव्हायटिसमध्ये डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही, अंधूक दिसतं किंवा नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात. काही वेळा डोळा लाल होतही नाही. अशी लक्षणं दिसल्यास मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि गेल्या काही महिन्यांत ताप आला असेल, पुराच्या पाण्यातून चालला असाल, तर तेही सांगा.