स्वस्त हार्डटेल : डोंगरउतारापासून भंगारापर्यंत

पुढे झटके झेलणारा फोर्क, मागचे चाक मात्र थेट फ्रेमला जोडलेले, जाड दातेरी टायर, सरळ हँडल आणि गिअर : अशा सायकलीला हार्डटेल म्हणतात. भारतातल्या दुकानांत ती ‘एमटीबी’ किंवा नुसती ‘गिअरची सायकल’ म्हणून विकली जाते. तिचा इतिहास बहुतेकदा शर्यतींच्या अंगाने सांगितला जातो. देखभालीच्या अंगाने पाहिले तर तो जास्त नीट उलगडतो. कारण ही सायकल जन्मापासूनच सारखी पाना-ग्रीस मागणारी आहे.

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ, डोंगरातून उतरणारा एक कच्चा रस्ता आहे. लांबी साडेतीन किलोमीटरच्या आत, उतार सुमारे ४०० मीटरचा. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी तिथे सायकलींची पहिली शर्यत लावली. सायकली होत्या १९३० आणि ४० च्या दशकांतल्या, अडगळीतून उचललेल्या. श्विन कंपनीने १९३३ मध्ये मुलांच्या सायकलींसाठी २६ इंची फुगीर टायर बाजारात आणले होते, ते दगडधोंड्यांवर टिकत. ब्रेक मात्र मागच्या हबच्या पोटात असे, पेडल उलटे दाबले की लागणारा. सबंध उतारभर तो दाबून धरल्यावर हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. खाली पोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरल्याशिवाय दुसरी फेरी मारता येत नसे. म्हणून त्या रस्त्याला नाव पडले ‘रीपॅक’. एका उतारामागे एक सर्व्हिसिंग, असा तो हिशेब होता.

जुन्या फ्रेम हा मार फार दिवस सोसेनात. १९७७ मध्ये त्याच मंडळींतल्या जो ब्रीझ याने क्रोमोली पोलादाच्या नळ्या वापरून खास या कामासाठी फ्रेम बांधली. १९७९ मध्ये टॉम रिची अशा फ्रेम बनवू लागला आणि गॅरी फिशर व चार्ली केली ‘माउंटनबाइक्स’ या नावाने त्या सायकली विकू लागले. किंमत हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे हौशी लोकांचाच मामला. तो मोडला १९८१ मध्ये. स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टम्पजम्पर’ जपानमध्ये बनवून घेतली आणि ७५० डॉलरला विकली. पुढे सुटे भाग जपानचे, जोडणी तैवानची अशी घडी बसली आणि दशक संपेपर्यंत ही सायकल अमेरिकेतल्या साध्या दुकानांतही सर्रास दिसू लागली. त्यातल्या बहुसंख्य सायकलींनी डोंगर कधी पाहिलाच नाही.

या टप्प्यापर्यंत पुढचा फोर्कही साधा, न दबणारा होता. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा आरएस-१ हा हवा आणि तेलावर चालणारा फोर्क आला. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा शर्यतीत असे फोर्क दिसले आणि मागणी उसळली. मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकली त्याच सुमारास येऊ लागल्या, तेव्हा फक्त पुढून दबणाऱ्या सायकलींना हार्डटेल म्हणण्याची पद्धत पडली.

अडचण किमतीची होती. चांगल्या फोर्कच्या पैशात एक अख्खी स्वस्त सायकल येते. कारखान्यांनी वाट काढली : नळीत पोलादी स्प्रिंग घालायची आणि तेलाची व्यवस्था वगळायची. दुकानात हँडल दाबून पाहिले की फोर्क खालीवर होतो, गिऱ्हाईक खूश. पण झटका जिरवून सावकाश सोडायला आत काहीच नसते. फोर्क जसा दबतो तसाच उसळतो. वजन अडीच किलोच्या आसपास, साध्या फोर्कच्या जवळपास दुप्पट. स्वस्त सायकलीच्या एवढ्या वर्षांच्या वाटचालीत पैशाच्या मानाने इतका कमी उपयोगी पडलेला दुसरा भाग शोधून सापडणार नाही, आणि विक्री मात्र त्याच्याच जोरावर झाली.

भारतात ही सायकल आली ती अगदी वेगळ्या सायकलीच्या जागी. मद्रासची टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनिपतची अॅटलास १९५१ मध्ये आणि लुधियानाची हिरो १९५६ मध्ये उभी राहिली. तिघांचाही मुख्य माल एकच : काळी, उंच, २८ इंची चाकांची, दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची इंग्रजी वळणाची सायकल. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते या सायकलींमुळे. तिचे खरे बळ सारखेपणात होते. एका कंपनीचा टायर, चेन किंवा एक्सल दुसरीच्या सायकलीला बसे, आणि गल्लीतल्या कारागिराच्या टपरीत सगळे मिळे. वर्षाकाठी ‘ओव्हरहॉलिंग’ व्हायचे. सायकल उलटी करून हब आणि बॉटम उघडायचे, छर्रे थाळीतल्या रॉकेलमध्ये धुवायचे, खड्डे पडलेला कोन बदलायचा, नवे ग्रीस भरायचे. मग चाक फिरवत, फ्रेमला अंगठा टेकवून रिम कुठे घासते ते बघत, स्पोकचे निपल पाव-अर्धा फेरा आवळत चाकाचा आउट काढायचा. टायर फाटला तर आतून गॅटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, टाकायचे. या रीतीने एकच सायकल बापाकडून मुलाकडे जाई.

नव्वदच्या दशकात डोंगरी वळणाच्या सायकली भारतीय कंपन्यांनी आणल्या. जाड टायर, सरळ हँडल, भडक रंग. पण त्यांतल्या कितीतरी बिनगिअरच्या आणि साध्या फोर्कच्या होत्या. रूप परके, पोटातला माल देशी. त्यामुळे टपरीवाल्याचे काही अडले नाही. खरा फरक पुढच्या दशकात पडला. २००५ मध्ये फायरफॉक्स ही सायकल कंपनी आली, २००९ मध्ये क्रीडासाहित्य विकणाऱ्या डेकॅथलॉनने बेंगळुरूत दुकान उघडले आणि त्यांच्या रॉकरायडर सायकली पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. २०१५ मध्ये हिरोने फायरफॉक्स विकत घेतली. काळ्या सायकलीचा बाजार दरम्यान आक्रसत गेला. अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद झाला.

स्वस्त हार्डटेल दीर्घकाळ वापरणाऱ्याचा अनुभव साधारण ठरल्या क्रमाने जातो. पहिल्या काही महिन्यांत गिअरच्या केबल बसतात, म्हणजे थोड्या सैल पडतात, आणि गिअर टाकला एक की पडतो दुसरा. यंत्रावर विणलेल्या चाकांचे स्पोकही ढिले होतात. हे दोन्ही अर्ध्या तासाचे काम. पण ते वेळेवर झाले नाही की चाक कायमचे वाकडे होते आणि दोष सायकलीच्या माथी जातो.

मग पाळी चेनची. चेनचे एक पूर्ण माप, म्हणजे आतली आणि बाहेरची कडी मिळून, एक इंच भरते. बारा इंचांची पट्टी लावल्यावर बारा मापांनंतरची पिन खुणेच्या एक-षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची. एक-अष्टमांश पुढे गेली असेल तर मागचे दातेही झिजलेले असतात, आणि नवी चेन त्यांवरून उड्या मारते. काळ्या सायकलीची जाड चेन वर्षानुवर्षे कुरकुरत चाले. गिअरची चेन अरुंद असते आणि तिरकी ओढली जाते, त्यामुळे पट्टी लावण्याची सवय नसलेल्या मालकाला एका चेनऐवजी चेन आणि फ्रीव्हील अशा दोन्हींचे पैसे मोजावे लागतात.

सर्वांत जास्त छळणारा दोष मागच्या एक्सलचा. स्वस्त हार्डटेलला मागे आटे पाडून बसवलेला फ्रीव्हील असतो. सहा-सात दातेरी चकत्यांना जागा करून देताना उजवीकडचे बेअरिंग आत सरकते आणि एक्सलचा बराच तुकडा आधाराविना बाहेर राहतो. शिमानोने १९७८ मध्ये आणलेल्या फ्रीहबमध्ये हे बेअरिंग टोकाशी नेले होते. पण सर्वांत खालच्या किमतीत जुनीच रचना टिकून आहे. जड स्वार, मागे कॅरिअरवर ओझे आणि खड्डा एकत्र आले की एक्सल वाकतो. चाक डुगडुगते, ब्रेक एकाच जागी घासतो, आउट काढूनही फरक पडत नाही. एक्सल काढून फरशीवर लोळवला की वाक लगेच दिसतो. नशिबाने ही वस्तू स्वस्त आहे आणि कुठेही मिळते.

गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरला फ्रेमशी जोडणाऱ्या हँगरचे तसे नाही. ही अॅल्युमिनियमची चपटी पट्टी मुद्दामच मऊ ठेवलेली असते. सायकल उजव्या कुशीवर पडली तर फ्रेमऐवजी ती वाकावी. युक्ती चांगली आहे, फक्त जवळपास प्रत्येक मॉडेलची पट्टी वेगळ्या आकाराची असते. बंद पडलेल्या मॉडेलची मिळत नाही. मग तालुक्याच्या गावचा कारागीर डिरेलर उतरवून टाकतो, चेन तोडून आखूड करतो आणि सायकल एका गिअरवर आणून परत करतो.

पावसाळा फोर्कला भोवतो. स्प्रिंगच्या फोर्कचे सील नावापुरते असतात. पाणी आत उतरते, नळ्यांवर गंज चढतो आणि तीन-चार पावसाळ्यांत फोर्क एक तर आखडतो, नाही तर पुढेमागे खडखडतो. दुरुस्तीचे भाग शोधण्यापेक्षा पुष्कळ जण साधा पोलादी फोर्क बसवून घेतात. वाहन हलके होते आणि कटकट संपते. चाकांचाही एक घोळ आहे. २०१० नंतर २७.५ आणि २९ इंची चाके रूढ झाली, त्यामुळे २६ इंचीत चांगले टायर आणि रिम हळूहळू दुर्मिळ होत चालले आहेत.

फ्रेम सहसा शेवटपर्यंत साथ देते. जुन्या पोलादी फ्रेमला तडा गेला तर गॅस वेल्डिंगवाला पितळ ओतून ती जोडत असे. अॅल्युमिनियमची ६०६१ जातीची फ्रेम कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेली असते. टपरीतल्या वेल्डिंगने तो कडकपणा जातो आणि सांध्याच्या बाजूला पुन्हा चीर पडते. तडा सीटखालच्या किंवा हँडलमागच्या सांध्याशी दिसला की जाणता कारागीर जोडायला नकार देतो. मग चाके, हँडल, ब्रेक, सीट असे एकेक करून दुसऱ्या सायकलींना जातात आणि उरलेला सांगाडा अॅल्युमिनियमच्या भावाने भंगारात तोलला जातो.