शिवेवर थांबलेली वाट: हेल्पस्टनचं शिवार आणि साधनांचा प्रश्न

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात पळायला नवा रूट हवा असेल, तर लोक ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा नकाशा उघडतात. त्यावर बारीक हिरव्या तुटक रेषा असतात. त्या म्हणजे सार्वजनिक हक्काच्या पायवाटा आणि घोडवाटा. इंग्लंड आणि वेल्स मिळून हे जाळं सुमारे १ लाख ४० हजार मैलांचं आहे, आणि ते बहुतांशी खाजगी जमिनीतून जातं. गव्हाच्या उभ्या पिकातून, मेंढ्यांच्या कुरणातून, क्वचित कुणाच्या परसातूनसुद्धा. जमीन मालकाची, पण त्या पट्टीवरून जायचा हक्क सगळ्यांचा.

आता नकाशा जरा बारकाईने बघा. काही वाटा गावाच्या शिवेपर्यंत येतात आणि तिथेच संपतात. पलीकडे ना नदी, ना भिंत. पळणारा माणूस वैतागतो आणि मागे फिरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तिथेच थांबायला हवं, कारण ही वाट जमिनीवर संपलेली नसते, ती कागदावर संपलेली असते. आणि कागद कुणीतरी, कशासाठी तरी केलेला असतो.

उदाहरणाला हेल्पस्टन घेऊ. पीटरबरोजवळचं हे खेडं पूर्वी नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये धरलं जायचं. उत्तरेला मॅक्सी आणि वेलंड नदीकडे सपाट जमीन; दक्षिणेला स्वॉडीवेलची जुनी दगडखाण आणि त्यापुढे कास्टर हँगलँड्सचं रान. पीटरबरोहून स्टॅमफर्डला जाणारा टॉर्पेल वे नावाचा पायी मार्गही इथूनच जातो. चढ फारसा नाही, पळायला झकास. पण या भागातले रस्ते बघाल तर बरेचसे पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. दोनशे वर्षांपूर्वी ते तसे नव्हते.

तेव्हा गावाभोवती तीन मोठी उघडी शेतं होती. त्यांत प्रत्येकाचे पट्टे विखुरलेले, अधूनमधून गायरान, आणि वाटा गावातून फुटून चहूकडे गेलेल्या. १८०९ मध्ये हेल्पस्टन आणि शेजारच्या पॅरिशांसाठी पार्लमेंटने एन्क्लोजरचा कायदा केला. एन्क्लोजर म्हणजे विखुरलेले पट्टे आणि गायरान एकत्र करून ते मालकांमध्ये नव्याने वाटणं, आणि प्रत्येकाने आपल्या तुकड्याला कुंपण घालणं. कमिशनरांचा अंतिम निवाडा यायला १८२० साल उजाडलं. असे ५,२०० हून अधिक कायदे १६०४ ते १९१४ या काळात झाले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन आली, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्तच.

वाटांचं काय झालं ते १८०१ च्या सर्वसाधारण एन्क्लोजर कायद्यात सापडतं. निवाड्यात जो जुना रस्ता नव्याने आखून दिलेला नाही, तो संपला. त्याची जमीन वाटपात धरली जाणार. म्हणजे वाट बंद करायला वेगळा हुकूम लागत नव्हता. तिचा उल्लेख टाळला की पुरे. साधनं वाचताना हे विसरू नका, कारण निवाड्यात तुम्हाला 'अमुक वाट बंद केली' असं वाक्य सापडेलच असं नाही. जे गेलं ते मौनात गेलं.

त्या मौनाला हेल्पस्टनमध्ये एक साक्षीदार मिळाला. जॉन क्लेअर (१७९३–१८६४) हा मळणी करणाऱ्या मजुराचा मुलगा. कायदा झाला तेव्हा तो सुमारे १६ वर्षांचा होता. बंद झालेल्या वाटा आणि प्रवेश नाकारणाऱ्या पाट्या त्याच्या कवितेत आहेत. वाट नसलेल्या जमिनीवरून जाताना मालक येतोय का, म्हणून मागे वळून बघणाऱ्या माणसाची भीती आहे. स्वॉडीवेलच्या जमिनीला तर त्याने स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं. रस्तेदुरुस्तीच्या दगडासाठी ती पॅरिशला नेमून दिल्यावर तिची काय गत झाली, हे ती जमीन सांगते. पण लगेच हुरळून जाऊ नका. ज्या काटेरी कुंपणांबद्दल तो हळहळतो, ती लावायच्या मजुरीवर तो स्वतः गेला होता. माझ्या मते यामुळे त्याची साक्ष कमी होत नाही, उलट वाढते. मात्र एका कवीवरून गावभर काय वाटलं हे ठरवता येत नाही. जे. एम. नीसन यांचं 'कॉमनर्स' (१९९३) याच परगण्यातल्या सामान्य कुळांवर आणि मजुरांवर आहे. क्लेअर वाचायच्या आधी ते वाचा, मग क्लेअर वेगळा ऐकू येतो.

ज्या वाटा एन्क्लोजरमधून वाचल्या, त्यांच्यावर दुसरं संकट आलं. १८१५ च्या कायद्याने दोन मॅजिस्ट्रेटांना 'अनावश्यक' वाट बंद करायची मुभा दिली. ग्रामीण मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुधा जमीनदारच, किंवा त्यांच्या पंगतीला बसणारे. १८३५ मध्ये ही प्रक्रिया जरा कडक झाली.

आणि याच शतकात शिवारातून पळणं हा सभ्य लोकांचा खेळ झाला! श्रूजबरी शाळेतली मुलं 'हेअर अँड हाउंड्स' खेळायची: दोघंतिघं पुढे कागदाचे कपटे टाकत पळणार, बाकीचे माग काढत मागे. 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' (१८५७) मुळे हा खेळ घराघरांत पोहोचला. १८६८ मध्ये लंडनजवळ थेम्स हेअर अँड हाउंड्स हा क्लब निघाला. तो क्रॉस-कंट्रीचा सर्वांत जुना क्लब मानला जातो. कुंपण तेच. मजुराने ओलांडलं तर आगळीक, विद्यार्थ्याने ओलांडलं तर खेळ. या विषयावर कुणाला प्रबंध करायचा असेल तर जागा मोकळी आहे असं मला वाटतं.

वाट हक्काची असली तरी तिच्यावर काय करता येतं? १९०० च्या हिकमन विरुद्ध मेसी खटल्यात शर्यतीच्या घोड्यांची बातमी देणारा एक माणूस सार्वजनिक वाटेच्या जेमतेम १५ यार्डांत सुमारे दीड तास येरझारा घालत घोड्यांचा सराव टिपत होता. कोर्ट म्हणालं, ही आगळीक. वाट जाण्यायेण्यासाठी आहे. पळणारा माणूस जातो-येतो, म्हणून तो सुरक्षित.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते साधन. १९१० च्या फायनान्स कायद्याने जमिनीच्या वाढत्या किमतीवर कर बसवला आणि त्यासाठी देशभर मूल्यांकन झालं. जमिनीतून सार्वजनिक वाट जात असेल तर मालकाला किमतीत सूट मागता येत होती. ही गंमत लक्षात घ्या: कर वाचवायचा तर 'होय, माझ्या शेतातून लोकांची वाट आहे' हे स्वतःच कबूल करायचं. त्या क्षेत्रपुस्तिका लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'आयआर ५८' या मालिकेत आहेत. मालकाने सूट मागितली असेल तर पुरावा भक्कम. मागितली नसेल तर? काहीच सिद्ध होत नाही. त्याला कर परवडला असेल, किंवा वाट मान्य करायची नसेल. नव्या विद्यार्थ्यांचा गोंधळ नेमका इथे होतो: कोऱ्या रकान्याला ते 'वाट नव्हती' असं वाचतात.

ऑर्डनन्स सर्व्हेच्या जुन्या नकाशांचं याच्या उलट आहे. जमिनीवर दिसेल ते सर्वेक्षक काढायचा. हक्क आहे की नाही हे त्याचं काम नव्हतं. म्हणून नकाशावर रस्ता दाखवला म्हणजे हक्काचा पुरावा नव्हे, अशी तळटीप १९व्या शतकाच्या अखेरीपासून तिथे येऊ लागली.

मग शिवेवर थांबलेल्या वाटेचं उत्तर काय? बहुतेक विद्यार्थी १९३२ च्या किंडर स्काउटच्या सामूहिक घुसखोरीवरून उडी मारून थेट १९४९ च्या कायद्यावर येतात. खरी मजा कायद्यानंतर आहे. या कायद्याने काउंटी कौन्सिलांना सगळ्या हक्काच्या वाटांचा निर्णायक नकाशा करायला सांगितला, पण पायपीट बहुधा पॅरिश कौन्सिलांवर आली. एका पॅरिशमधले लोक हौसेने प्रत्येक वाट चालले, फॉर्म भरले. शेजारच्या पॅरिशने टाळाटाळ केली. सर्वेक्षण शिवेपाशी संपलं, म्हणून वाटही शिवेपाशी संपली. (आपल्याकडे पाणंद अडवली की १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज जातो. त्या फायलींतही गावनकाशा आणि वहिवाट यांची अशीच झटापट दिसते.)

निर्णायक नकाशावर वाट असेल तर हक्क पक्का; नसेल तर हक्क नाही, असं मात्र नाही. एकदा सार्वजनिक झालेला मार्ग कायद्याने बंद होईपर्यंत सार्वजनिकच राहतो, हे इंग्लंडचं जुनं तत्त्व. २००० च्या कायद्याने यालाच मुदत घातली: १९४९ पूर्वीची जी वाट १ जानेवारी २०२६ पर्यंत नोंदली जाणार नाही, तिचा हक्क, काही अपवाद सोडता, संपणार. लोक अभिलेखागारांकडे धावले. २०२३ मध्ये सरकारने मुदत २०३१ पर्यंत पुढे नेली आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती रद्दच करणार असं जाहीर केलं.

या धावपळीत एक जुना प्रश्न पुन्हा कोर्टात गेला. १८०१ च्या कायद्याखाली कमिशनरांना नव्या सार्वजनिक पायवाटा निर्माण करायचा अधिकार होता का? १९९३ मध्ये कोर्टाने 'नाही' म्हटलं होतं, आणि त्या आधारावर अनेक निवाड्यांतल्या पायवाटा बाद धरल्या जात होत्या. २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. कागद तेच, शाई तीच. आणि २२ वर्षं पुरावा न मानलेली ओळ पुन्हा पुरावा झाली.