वाफवलेले बटाटे आणि काउंट रमफर्ड

परवाच्या शनिवारी नव्या कन्व्हेक्शन ओव्हनचं उद्घाटन केलं. किलोभर बटाट्यांच्या फोडी, तेल, तिखट, मीठ. ट्रे गच्च भरला, 200 डिग्री, 40 मिनिटं. बाहेर जे आलं ते चाखून आई म्हणाली, "अरे, हे भाजलेलं नाही, वाफवलेलं आहे!"

मी लगेच वाद घातला. तापमान बरोबर, वेळ बरोबर, मशीन चालू. थोडक्यात, ऑफिसात टेस्टरला देतो तेच उत्तर. :-)

रविवारी कारण शोधायला बसलो आणि थेट दोनशे वर्षं मागे गेलो.

बेंजामिन थॉम्पसन उर्फ काउंट रमफर्ड. जन्म 1753, मॅसॅच्युसेट्स. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हा गडी इंग्रजांच्या बाजूने होता, पुढे बव्हेरियाच्या दरबारात नोकरीला लागला. तोफेला भोक पाडताना उष्णता येते कुठून, हा त्याचा 1798 चा निबंध प्रसिद्ध आहे. पण मला आवडला तो त्याचा स्वयंपाकघरातला उद्योग.

लोकर आणि पिसं ऊब का देतात, हे त्याने मोजून पाहिलं होतं. कारण त्यांच्यात अडकलेली, न हलणारी हवा. मग तांदळाच्या दाट सूपने त्याचं तोंड पोळलं (आपली पिठल्याने जीभ पोळते ना, तसंच!). दाट पदार्थ आत नीट फिरत नाही, म्हणून निवत नाही. म्हणजे हवा काय, पाणी काय, उष्णता भराभर वाहून न्यायची तर ते हलायला हवं.

त्या काळी इंग्लंडमध्ये मांस उघड्या आगीसमोर सळईवर फिरवत भाजायचे. कोळसा भरमसाट जळायचा. बंद ओव्हनमध्ये इंधन वाचे, पण लोक म्हणायचे, ही भाजल्याची चव नव्हे. आईचीच तक्रार!

रमफर्डने ती तक्रार खरी धरली. त्याचा 'रोस्टर' म्हणजे विटांच्या बांधकामात आडवं बसवलेलं लोखंडी पिंप. खाली छोटी आग, वर वाफ जायला नळी. ठिबकणारी चरबी जळून वास लागू नये म्हणून तिच्या ताटाखाली पाण्याचं दुसरं ताट. आणि खरी गंमत पुढे: आगीवरून जाणाऱ्या दोन नळ्या. मांस शिजत आलं की त्यांची तोंडं उघडायची. तापलेली कोरडी हवा आत शिरते, दमट हवेला बाहेर ढकलते आणि मांसाला वरून खरपूस रंग येतो. पंखा नाही, वीज नाही, पण तत्त्व आपल्या ओव्हनचंच. अमेरिकेत पोर्ट्समथच्या 1807 सालच्या रंडलेट-मे हाउसमध्ये असा रोस्टर जपून ठेवलेला आहे.

पंखा आला तो बऱ्याच नंतर. 1945 च्या सुमारास विल्यम मॅक्सनने विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला 'व्हर्लविंड' नावाचा पंख्याचा ओव्हन बनवला.

आता माझा बग कळला. गच्च ट्रेमध्ये प्रत्येक फोडीभोवती तिचीच वाफ कोंडली होती. पंखा बिचारा वरून फिरत होता, पण वारा फोडींपर्यंत पोचतच नव्हता. फोडींनी दमट गोधडी पांघरली होती म्हणा ना!

मग दुसरा प्रयोग. निम्मेच बटाटे. फोडी फडक्याने पुसून कोरड्या केल्या, एकमेकींना न चिकटवता एका थरात पसरल्या, मधे एकदा दार उघडून वाफ जाऊ दिली. तापमान तेच. या वेळी कडा कुरकुरीत!

आईने दुसऱ्यांदा वाढून घेतले. मी गुपचूप कबूल केलं की पहिल्या दिवशी तीच बरोबर होती. तिला कन्व्हेक्शन हा शब्द माहीत नव्हता, पण भाजलेलं आणि वाफवलेलं यातला फरक माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या, 'काम बरोबर चालतंय' असं लिहून बंद केलेली एक तक्रार पुन्हा उघडली.